नव्या चुलीचा तिसरा विस्तव

नरेल: मी सांगत नाही, आई. तूच हात लावून बघ.

व्हाल्डा: लावला.

नरेल: गार आहे?

व्हाल्डा: लोखंड आहे ते. सकाळचं ऊन पडलंय त्याच्यावर.

नरेल: बाहेर गवत दहिवरानं पांढरं झालंय. मी गाडीच्या काचेवर गरम पाणी ओतून निघाले. आणि तुझ्या स्वयंपाकघरात तेवढं लोखंड तापवणारं ऊन पडलं?

व्हाल्डा: पूर्वेची खिडकी आहे.

नरेल: रात्री तू चूल पेटवलीस.

व्हाल्डा: नाही पेटवली.

(टास्मानियात ह्युऑन नदीच्या वरच्या अंगाला, टेकडीवरचं व्हाल्डाचं घर, मे महिन्यातला रविवार. हिवाळा अजून यायचाय, पण या मायलेकींना त्याची वाट बघायची गरज नाही, एकमेकींना गारठवायला त्या दोघी पुरेशा आहेत. भिंतीशी काचेच्या दाराची कोरी करकरीत लोखंडी चूल. नव्या चुलीला एकदम जाळ सोसत नाही. आधी तीन दिवस तीन लहान विस्तव करायचे आणि प्रत्येकानंतर तिला पुरती गार होऊ द्यायची. शुक्रवारी पहिला झाला, शनिवारी दुसरा. आज तिसरा आणि शेवटचा. सत्तरी ओलांडलेल्या व्हाल्डानं गेल्या कित्येक वर्षांत हिवाळ्यात घरातली चूल विझू दिलेली नाही आणि याचा तिला माणसानं जेवढा करावा त्याहून बराच जास्त अभिमान आहे.)

नरेल: काल संध्याकाळी मी निघाले तेव्हा काच लखलखीत होती. मी पुसली होती ती, वर्तमानपत्र ओलं करून. आता बघ. तव्याची पाठ बरी.

व्हाल्डा: नवी वस्तू आहे. रंग सुटतो असं तूच म्हणालीस.

नरेल: रंगाचा वास सुटतो. काजळी लाकडाची असते, तेही हवा बंद करून रात्रभर कोंडलेल्या लाकडाची. बाजूला हो, दार उघडते मी.

व्हाल्डा: जपून.

नरेल: का? थंड चुलीचं दार उघडायला जपून कशाला?

व्हाल्डा: म्हटलं आपलं.

नरेल: बघ. बघितलंस? दाराच्या कडेची, फट बुजवायची दोरी रंगाला चिकटून फाटून आली. शुक्रवारी मी काय सांगितलं होतं? तीन विस्तव होईपर्यंत दार घट्ट लावायचं नाही, किंचित फट ठेवायची, नाहीतर रंग ओला असतो आणि दोरी धरते. सांगितलं होतं की नाही?

व्हाल्डा: तू इतकं सांगत असतेस. सगळं लक्षात ठेवायचं तर मला दुसरं डोकं लागेल.

नरेल: आणि ही राख. हा ओंडका. अर्धा जळालेला ओंडका आहे आत, आई. हा काय उन्हानं आणून ठेवला?

व्हाल्डा: कुत्रं कुडकुडत होतं.

नरेल: कुत्रं.

व्हाल्डा: म्हातारं झालंय. रात्री उठून दाराशी गेलं, रडायला लागलं. मुक्या जनावराला काय सांगू, की माझी मुलगी कारखान्यातून शिकून आलीय, तिनं आग बंद ठेवायला सांगितलीय?

नरेल: तेरा वर्षं ते कुत्रं शेडमध्ये गोणपाटावर झोपतंय. तू त्याला घरात घेत नाहीस. माझ्या टेगननं एकदा आत आणलं तर झाडू घेऊन धावली होतीस.

व्हाल्डा: बरं. माझ्यासाठी पेटवली. झालं समाधान? माझं घर, माझी चूल, माझं लाकूड, माझे गुडघे. पेटवली.

नरेल: मग पहिल्यांदा "नाही" कशाला म्हणालीस?

व्हाल्डा: कारण तू आत येताना पोलिसासारखी येतेस. बूटसुद्धा पोलिसाचे.

नरेल: कारखान्याचे आहेत. दिवसभर बर्फात मासे कापायला उभं राहावं लागतं, सपाता चालत नाहीत तिथे. ऐक आता. मला भांडायला वेळ नाही. बुधवारपासून माझी रात्रपाळी सुरू होतेय. टेगनला रात्री कोणाकडे तरी ठेवायलाच हवं. एक तर तू, नाहीतर तिकडं बर्नी गावातली तिची दुसरी आजी.

व्हाल्डा: त्या गेलीनकडे? त्या बाईकडे? ती पोरीला चार दिवसांत आपल्या मुलाच्या ताब्यात देईल, आणि मग तू कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसशील.

नरेल: माहीत आहे मला.

व्हाल्डा: तिच्या घरात माणसं कमी आणि टीव्ही जास्त आहेत.

नरेल: माहीत आहे म्हणते ना. म्हणून तर ही चूल आणली. म्हणून सुट्टीचे तीनही दिवस इथं येऊन तुझ्यापुढं काटक्या मोजत बसलेय. गेल्या ऑगस्टात काय झालं ते तू विसरली असशील, मी नाही विसरले. तू लाकूड कोंडून झोपलीस, घरभर धूर साठला, आणि पोरीचे ओठ निळे पडले. अँब्युलन्स या टेकडीवर चढेपर्यंत ती माझ्या मांडीवर श्वासासाठी झगडत होती.

व्हाल्डा: जुन्या चुलीचं धुराडं फुटलं होतं.

नरेल: धुराडं फुटलं होतं, आणि आग कोंडलेली होती. डॉक्टर काय म्हणाले? दमा असलेल्या मुलाच्या घरात लाकूड धुमसत ठेवायचं नाही. उजेडात नीट जाळायचं आणि रात्री विझू द्यायचं. एवढंच. रात्री विझू द्यायचं. एवढी एकच गोष्ट मी तुझ्याकडं मागितली.

व्हाल्डा: आणि सकाळी घर बर्फ झालं की?

नरेल: सकाळी परत पेटवायची. लोक पेटवतात, आई. या अख्ख्या खोऱ्यात लोक रोज सकाळी चूल पेटवतात.

व्हाल्डा: आळशी लोक. माझ्या आईच्या घरी ईस्टरला, एप्रिलात पेटलेली चूल घोड्यांच्या शर्यतींपर्यंत विझत नसे. नोव्हेंबर उजाडायचा. सकाळी राख बाजूला केली की खाली लाल निखारा. दोन काटक्या, एक फुंकर, काम झालं. त्याला संसार म्हणतात.

क्लेम: त्याला हट्ट म्हणतात. तुमचं भांडण खालच्या फाटकापर्यंत ऐकू येतंय. मी म्हटलं, रेडिओवर फुटबॉल लागलंय वाटतं.

नरेल: ये मामा. पाय पूस.

क्लेम: पुसले. सफरचंदाच्या छाटणीच्या फांद्या आणल्यात मी, दोन वर्षं वाळलेल्या. आणि थोडं निलगिरीचं लाकूड, तेही खडखडीत. पण मी चहाला आलोय हं. पंचायतीला नाही.

व्हाल्डा: चहा नाही. चूल गार हवी म्हणे, मग चहा कशावर करू?

क्लेम: विजेची किटली आहे की गं ताई, तुझ्या डोळ्यांसमोर.

व्हाल्डा: तो चहा नव्हे, ते गरम पाणी.

नरेल: मामा, बघ ही दोरी. चिकटवता येईल?

क्लेम: आता बघ, दोरी काय, दोरी येईल चिकटवता. डिंक आहे माझ्याकडे, आगीत टिकणारा. पण ही फाटली कशी?

नरेल: विचार तुझ्या बहिणीला.

क्लेम: ताई, रात्रीची कोंडलीस होय? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते खोटं नाही.

व्हाल्डा: तू माझ्या जिवावर उठू नकोस. ते ओझं खाली ठेव.

क्लेम: ठेवतो. बाजूला हो जरा. आतल्या विटा तडकल्यात का बघू दे. कोऱ्या विटेत ओल असते, एकदम रात्रभर ताव दिला की ती फुटते, आणि मग ही सगळी चूल भंगारात. हं. नाही. ही ठीक. ही पण ठीक. नशीब समज.

नरेल: नशीब नाही चालणार मला. मी इथं नसणार. रात्री दोन वाजता मी माशांची डोकी उडवत असेन, आणि इथं पोरगी खोकायला लागली तर तिच्याजवळ नशीब असून काय उपयोग?

व्हाल्डा: मी असेन.

नरेल: तू ऑगस्टातही होतीस.

क्लेम: नरेल.

नरेल: काय नरेल? खोटं आहे का?

व्हाल्डा: बोलू दे तिला. पोटात साठलंय, बाहेर येऊ दे. मी काही पोरीचा गळा दाबला नव्हता. मी आजी आहे तिची.

नरेल: मग एक रात्र. फक्त एक रात्र थंड चुलीशेजारी झोपून दाखव, असं म्हटलं होतं मी. शुक्रवारी झोपलीस?

व्हाल्डा: शुक्रवारी झोपले.

नरेल: खरं?

व्हाल्डा: झोपले नाही. बसून राहिले, अंगावर रजई घेऊन. चार-चारदा उठून त्या काचेत बघत होते. आत काळं. शनिवारी नाही जमलं. माणूस आहे मी.

क्लेम: सफरचंदाच्या फांद्या बारीक करून देऊ का गं, नरेल? तिसरा विस्तव आज करायचाच असेल तर.

नरेल: कर. आई, तू खुर्चीत बस आणि हात मांडीवर ठेव. राख मी काढते.

व्हाल्डा: सगळी काढू नकोस. खाली बोटभर राहू दे. राखेशिवाय आग बसत नाही.

नरेल: हे मात्र खरं. राहू दिली बोटभर. आता बघ. खाली दोन जाड, वर आडवी दोन बारीक, त्याच्यावर काटक्या, आणि कागद सगळ्यांच्या वर.

व्हाल्डा: आग डोक्यावर पेटवतात?

नरेल: वरून खाली जळते. धूर जाळातूनच वर जातो, म्हणून तोही जळतो. धुराड्यातून बाहेर काही दिसत नाही.

व्हाल्डा: धूर दिसत नाही अशी चूल. काय उपयोग तिचा? रस्त्यावरून कळायला नको का घरात कोणी आहे म्हणून?

नरेल: कोणाला कळायला हवंय?

व्हाल्डा: कोणालाही.

नरेल: कोणालाही नाही. नाव घे. बाबांना कळायला हवंय. खालच्या वळणावरून ट्रक हळू करून ते इथं वर बघायचे. धुराड्यातून धूर असला तर गाडी घराकडं. नसला तर सरळ पुढं, दारूच्या गुत्त्यावर, आणि मग दोन दिवस दर्शन नाही. तूच सांगितलंयस मला हे. शंभरदा सांगितलंयस.

व्हाल्डा: खोटं होतं का ते?

नरेल: नाही. आणि म्हणून शाळेतून आल्याबरोबर मी दप्तर टाकून आधी लाकूड घालायचे. तू सफरचंदाच्या शेडवर पेट्या भरायला जायचीस, आणि घरातला धूर माझ्या ताब्यात. एकदा, एकदाच, मी शाळेतून उशिरा आले. दहा वर्षांची होते. पोहायच्या शर्यती होत्या. आले तर चूल विझलेली. आणि त्या रात्री बाबा आले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत. पुन्हा कधीच नाहीत.

क्लेम: थांब, थांब. हे काय नवीन काढलंस?

नरेल: नवीन कसलं, मामा. एकोणतीस वर्षं झाली.

क्लेम: ते माहीत आहे गं मला. पण चुलीचा काय संबंध? त्या दिवशी तुझा बाप, लेस, या रस्त्यानं आलाच नव्हता.

व्हाल्डा: क्लेम, लाकूड फोड.

क्लेम: फोडतोय की. नरेल, त्यानं आदल्या रात्रीच बॅग माझ्या शेडमध्ये आणून ठेवली होती. करवत, बूट, सगळं. दुपारी येऊन घेऊन गेला. ट्रकमध्ये डिझेल भरून उत्तरेकडं गेला, जहाज पकडायला. क्वीन्सलंडला ऊसतोडीचं काम आहे म्हणाला. इकडं खालच्या वळणाकडं फिरकलासुद्धा नाही. धूर बघायचा प्रश्नच नव्हता.

नरेल: दुपारी?

क्लेम: जेवण झालं होतं माझं नुकतं. मी त्याला म्हटलं, लेस, बायकोला तरी सांगून जा. तर म्हणाला, ती ओरडेल. मी अडवायला हवं होतं, पण मला वाटलं महिन्याभरात येईल परत, बाटली घेऊन, तोंड पाडून.

नरेल: दुपारी मी शाळेत होते.

क्लेम: असशील.

नरेल: मामा, दुपारी मी शाळेत होते. चूल पेटलेली होती तेव्हा. मी सकाळी भरून गेले होते.

क्लेम: तुला हे माहीत नव्हतं? ताई, पोरीला सांगितलं नाहीस तू? मी तुला त्याच आठवड्यात सांगितलं होतं. चर्चच्या बाहेर, घंटा वाजत होती. मला वाटलं तू सांगितलंस. मला वाटलं सगळ्यांना माहीत आहे.

व्हाल्डा: तुला फार वाटतं, क्लेम. तू लाकूड उतरव आणि जा.

नरेल: तुला माहीत होतं.

व्हाल्डा: कागद पेटव. ओल धरेल त्याला.

नरेल: आई, तुला माहीत होतं?

व्हाल्डा: होतं.

नरेल: आणि मी? मी रोज रात्री उठून लाकूड घालायचे. कडाक्याच्या थंडीत, अनवाणी. मला वाटायचं मी पेटती ठेवली तर परत येतील. सोळा वर्षांची होईपर्यंत उठत होते मी. तू बघत होतीस. तू अंथरुणात पडून बघत होतीस.

व्हाल्डा: हो.

नरेल: एक वाक्य. एक वाक्य बोलायचं होतं तुला.

व्हाल्डा: काय बोलू? की तुझा बाप बॅग भरून गेला, त्याला आपल्यापैकी कोणीही नको होतं? हे सांगायचं दहा वर्षांच्या मुलीला?

नरेल: त्यापेक्षा तिच्यामुळं गेला असं वाटू देणं बरं?

व्हाल्डा: मी असं कधीच म्हटलं नाही.

नरेल: नाही म्हटलंस. आणि मला एवढंच दिसत होतं, की तू "तुझ्यामुळं नाही" असंही म्हणत नाहीस.

क्लेम: मी बाहेर जातो. लाकूड उतरवायचंय.

नरेल: तू बस. तूही एकोणतीस वर्षं मूग गिळून बसलास.

क्लेम: मला खरंच वाटलं होतं गं—

नरेल: बस म्हटलं ना.

व्हाल्डा: तुला खरं ऐकायचंय? ऐक मग. मला बरं पडलं. सकाळी सहाला शेडवर हजर राहावं लागायचं, हाताला चिरा पडायच्या, घरी आलं की पाठ मोडलेली. आणि घर गरम असायचं. तू न सांगता उठायचीस, न सांगता लाकूड आणायचीस, कधी उलट बोलायची नाहीस. इतकी शहाणी मुलगी कोणाची नव्हती या टेकडीवर. बायका मला म्हणायच्या, व्हाल्डा, नशीबवान आहेस. मी काही बोलले नाही. पहिल्या आठवड्यात बोलले नाही, मग महिन्यानं बोलायची लाज वाटली, मग वर्ष गेलं. वर्ष गेल्यावर काय तोंडानं सांगणार होते?

नरेल: आणि तुझ्या मनात? तुलाही वाटत होतं का माझ्यामुळं गेला?

व्हाल्डा: मूर्ख आहेस का तू? मला कशाला वाटेल? मला तर ठाऊक होतं.

नरेल: मग रात्री का जाळतेस अजून? तो मेला, आई. तिकडं क्वीन्सलंडात, केर्न्सच्या स्मशानात आहे. कोणाला धूर दाखवतेस?

व्हाल्डा: त्याला? त्याच्यासाठी मी काडीसुद्धा ओढणार नाही. त्या माणसाचं नाव कशाला घेतेस माझ्यापुढं.

नरेल: मग कोणासाठी?

व्हाल्डा: सकाळची थंड चूल बघवत नाही मला. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी उठून इथं आले, तर तू जमिनीवर बसलेली. बाही वर करून कोपरापर्यंत हात राखेत घातलेले. निखारा शोधत होतीस. तोंड काळं, नाक वाहतंय. मला म्हणालीस, सापडेल आई, एक तरी सापडेल. तेव्हा मला माहीत नव्हतं तो कुठं गेला. पण पुढच्या रविवारी माहीत झालं, आणि सोमवारी तू परत तशीच बसलेली. मी दारात उभी होते. काही न बोलता बूट घातले आणि कामावर गेले. आता कळलं? थंड चूल बघितली की मला ते दिसतं. झाली तुझी पोलीस चौकशी?

क्लेम: ताई, बस. बस जरा.

व्हाल्डा: बसलेलीच आहे मी.

नरेल: मामा, काडेपेटी दे.

क्लेम: ही घे.

नरेल: दार किंचित उघडं. हवा पूर्ण उघडी. बघ आता, पेटलं.

क्लेम: धरलं की छान. सफरचंदाचा वास वेगळाच असतो.

व्हाल्डा: खिडकी उघडा कोणीतरी. रंगाच्या वासानं डोकं दुखतंय.

क्लेम: उघडली.

नरेल: हे एवढंच जळणार आहे. यात आणखी काही घालायचं नाही. हे जळेल, खाली बसेल, निखारे होतील, निखारे काळे पडतील. आणि तू इथं बसून ते बघायचंस. शेवटपर्यंत. मीही बसते.

व्हाल्डा: दिवसभर?

नरेल: तासाभरात होईल. लहान विस्तव आहे.

व्हाल्डा: आणि मग पोरीला आणशील?

नरेल: अजून ठरवलं नाही.

व्हाल्डा: तिच्यासाठी मागच्या खोलीत पलंग लावलाय मी. उशाशी तिचं ते दम्याचं ओढायचं औषध ठेवलंय, आणि दुसरं एक स्वयंपाकघरात, फळीवर. क्लेमला विचार.

क्लेम: लावलाय. मीच उचलला पलंग, कंबर धरली माझी.

नरेल: पलंगाचा प्रश्न नाही. रात्रीचा आहे. तू म्हणशील हो, आणि मी गेले की एक ओंडका टाकशील. काल टाकलासच.

व्हाल्डा: नाही टाकणार.

नरेल: काल सकाळीही "नाही टाकणार" म्हणाली होतीस. त्याच खुर्चीत बसून.

व्हाल्डा: काल पोरगी यायची होती का इथं?

नरेल: ते बघ, हात गेला तुझा. लाकडाकडं.

व्हाल्डा: पाय चोळत होते.

नरेल: पाय त्या बाजूला आहे.

क्लेम: मी काय म्हणतो, लाकडाची पेटी बाहेर ओसरीवर ठेवू या. रात्री दाराला कडी. तिला उठून, बूट घालून, बाहेर थंडीत जावं लागेल. तेवढ्या वेळात अक्कल येते माणसाला.

व्हाल्डा: आता तू मला अक्कल शिकव. स्वतःची गाय अजून दोरीनं बांधता येत नाही.

नरेल: पेटी बाहेर ठेवू. चांगलं सुचवलंस, मामा. आणि संध्याकाळी तू एक फेरी मार, रोज.

क्लेम: मारतो. जेवायच्या वेळेला मारतो.

व्हाल्डा: अर्थातच.

नरेल: जाळ खाली बसला बघ. काच अजून स्वच्छ आहे.

व्हाल्डा: जीव थोडा थोडा होतोय माझा. फार घाई करतेय ही चूल विझायची.

नरेल: होऊ दे.

व्हाल्डा: मला सांग, सकाळी टेगन उठली, आणि मला विचारलं, आजी, चूल का विझली, तर?

नरेल: काय सांगशील?

व्हाल्डा: सांगेन, तुझ्या आईचा हुकूम आहे.

नरेल: नको. माझं नाव नको त्यात.

व्हाल्डा: मग सांगेन, लाकूड संपलं की चूल विझते. आता आपण दोघी मिळून परत पेटवू.

नरेल: आणि समजा तिलाच वाटलं, की तिच्या हातून विझली? मुलांना वाटतं. तिचा बापही गेलाय सोडून. तिनं मला मागच्या महिन्यात विचारलं, मी रात्री खोकत होते, बाबांची झोप मोडायची, म्हणून गेले का ते?

क्लेम: असं विचारलं तिनं?

नरेल: गाडीत. मागच्या सीटवरून. मी गाडी थांबवली आणि सांगितलं तिला. तिथल्या तिथं. मला नाही वर्ष लागलं.

व्हाल्डा: मला टोमणा आहे हा.

नरेल: टोमणा नाही. ती उद्या तुलाही विचारेल काहीतरी असंच, अंधारात, मी नसताना. तेव्हा तू तोंड फिरवून बूट घातलेस तर? धूर मला कळतो, आई. धुराला औषध आहे, ते फळीवर ठेवलंयस तू. याला नाही.

व्हाल्डा: नाही फिरवणार तोंड.

नरेल: बोलून दाखव.

व्हाल्डा: पोरगी इथं नाही. कोणाला बोलून दाखवू?

नरेल: मी आहे की. मामानं सांगितलं मला आज. तू अजून नाही सांगितलंस. बॅगेचं सांगितलंस, बायकांचं सांगितलंस, थंड चुलीचं सांगितलंस. ते एक वाक्य अजून नाही आलं. ते आल्याशिवाय मी टेगनला आणायला गाडी काढणार नाही.

व्हाल्डा: तुला आता माहीत आहे ना? मग परत कशाला?

नरेल: मला माहीत आहे. मला ऐकायचंय.

क्लेम: मी खरंच बाहेर जातो आता. पेटी ओसरीवर ठेवतो.

नरेल: जा, मामा.

व्हाल्डा: शेवटचा निखारा काळा पडतोय. एक काटकी टाकली असती तर—

नरेल: आई.

व्हाल्डा: नाही टाकत.

नरेल: गेला.

व्हाल्डा: हो. गेला. दिसतंय मला.

नरेल: मी थांबलेय.

व्हाल्डा: चूल पेटलेली असती तरी तो गेलाच असता, नरेल.